खेळाच्या पोटांतील खेळ

कथेच्या पोटांत कथा सांठविण्याची रीत महाभारताच्या वाचकांस नवी नाहीं. परंतु एका खेळाच्या पोटांत दुसरा सबंध खेळ ठेवितां येतो, हें संगणकानें दाखविलें. १९८७ सालीं लुकासफिल्म गेम्सनें 'मॅनियाक मॅन्शन' काढिला. १९९३ सालीं त्याचा उत्तरभाग 'डे ऑफ द टेंटॅकल' निघाला, तेव्हां त्यांतील एका खोलीमधल्या संगणकावर तो पहिला खेळ अथपासून इतिपर्यंत खेळतां येईल अशी सोय कर्त्यांनीं केली. पुढें १९९९ सालीं सेगाच्या 'शेनमू'मध्यें यू सुझुकी यांनीं १९८६ मधील योकोसुका शहर उभें केलें. तेथील खेळघरांत त्यांचेच १९८५ चे 'हँग-ऑन' व 'स्पेस हॅरिअर' मांडलेले आहेत. पित्याच्या मारेकऱ्याचा शोध घेणारा नायक तेथें घटकाभर तोफ घेऊन उडणारा वीर बनतो!

हा केवळ विनोद आहे काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. यंत्रें मोडतात, आणि त्यांबरोबर त्यांवरील खेळही मुके होतात. अमेरिकेंत २०१० पूर्वीं निघालेल्या खेळांपैकीं सुमारें ८७ टक्के बाजारांत मिळत नाहींत, असें व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या पाहणींत आढळलें. नव्या कृतीच्या पोटांत गेलेली जुनी कृति तिच्या आयुष्यानें जगते खरी. पण हें भाग्य ज्यांचे हक्क त्याच घराकडे राहिले त्यांनाच लाभतें. बाकीच्यांची चिंता कोणी वाहावी? पूर्वजांनीं पोथ्यांच्या नकला उतरून ठेविल्या, म्हणूनच त्या आपणांपर्यंत पोंचल्या. या नव्या पोथ्यांच्या नकला उतरण्यास ग्रंथालयांस मोकळीक असावी, असें आमचें मत आहे.