‘बांबी’ लिहिणारा स्वतः शिकारी होता

बांबी म्हटलं की डिस्नेचा १९४२चा सिनेमा आठवतो. मूळ कादंबरी मात्र व्हिएन्नातल्या फेलिक्स साल्टन या ज्यू लेखकाची, १९२३ साली पुस्तकरूपात आलेली. आणि हे साल्टन स्वतः बंदूक घेऊन रानात जाणारे शिकारी होते!

म्हणूनच पुस्तक जास्त टोचतं. त्यात जनावरं माणसाला नुसतं ‘तो’ म्हणतात. ‘तो’ येतो, आवाज होतो आणि शेजारचं हरिण कोसळतं. गोबो नावाचं पाडस माणसाने वाचवलेलं, घरात वाढवलेलं. गळ्यात पट्टा घालून ते रानात परततं, माणूस आपला मित्र आहे असं सगळ्यांना सांगतं. एक दिवस बिनधास्त उघड्यावर जातं आणि गोळी खातं. बंदुकीच्या दुसऱ्या टोकाला काय होतं, ते साल्टननी जवळून पाहिलेलं होतं.

नाझींनी १९३३ साली प्राणिसंरक्षणाचा कायदा केला आणि १९३६ साली याच पुस्तकावर बंदी घातली. शेवटी साल्टनना देश सोडावा लागला. १९४५ साली झुरिकमध्ये ते वारले. कागदावर कायदा आला म्हणून मनात दया येतेच असं नाही.

आपल्याकडेही १९७२पासून वन्यजीव संरक्षण कायदा आहे. तरी ससा, रानडुकराच्या शिकारीचे व्हिडिओ ग्रुपवर फिरतात आणि खाली अंगठे पडतात. पुढच्या वेळी अंगठा दाबण्याआधी एकदा गोबो आठवा, एवढंच.