टेंभुर्णीकरांचे गाव

आडनावाचे बोट धरून पूर्वजांच्या शोधास निघालेल्या गृहस्थास पहिला चकवा बसतो तो त्याच्या मूळ गावीच. टेंभुर्णीकर आडनावाचा कोणी मोठ्या उमेदीने जालना जिल्ह्यात, जाफराबाद तालुक्यातील टेंभुर्णीस गेला आणि तेथे आपले भाऊबंद विचारू लागला, तर त्याच आडनावाचे घर त्यास मिळण्याचा संभव थोडाच. कारण उघड आहे. ज्या गावात सारेच टेंभुर्णीचे, तेथे त्या नावाने वेगळे कोणास ओळखावयाचे? जो गाव सोडून परमुलखी गेला, त्यालाच तेथील लोक ‘टेंभुर्णीचे अमके’ म्हणू लागले, आणि दोन-तीन पिढ्यांत ही ओळखच आडनाव होऊन बसली. असे आडनाव हा वास्तव्याचा पुरावा नव्हे, प्रस्थानाचा होय. मागे राहिलेले सख्खे चुलते मात्र पाटील, कुलकर्णी, देशमुख अशा वतनाच्या नावांनी किंवा धंद्याच्या नावाने नांदत असावयाचे.

ही गोष्ट सामान्य घराण्यांपुरतीच आहे असे नाही. मल्हाररावांचे होळकर हे आडनाव होळ गावावरून आले. जोतीराव फुले यांचे घराणे मूळचे कटगुणचे गोऱ्हे. पुण्यास येऊन फुलांचा व्यवसाय धरल्यावर ते फुले झाले. गोऱ्ह्यांच्या वंशावळीत फुल्यांस शोधणाऱ्याने केवळ अक्षरांवर भिस्त ठेवली असती, तर त्याच्या हाती काय लागले असते?

शिवाय टेंभुर्णी एकच नाही. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात दुसरी टेंभुर्णी आहे, ती या टेंभुर्णीहून पुष्कळ अधिक प्रसिद्ध. ज्याची पाने विड्या वळावयास लागतात त्या झाडाचे हे नाव. जेथे ते झाड, तेथे हे ग्रामनाम पडावयास हरकत कसली? तेव्हा आपण कोणत्या टेंभुर्णीचे, हा प्रश्न आडनावाने सुटत नाही, उलट उभा राहतो.

आता लेखणीची करामत पाहावी. जाफराबादचा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचे दप्तर प्रथम फारसीत व एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून उर्दूत चाले. उर्दू लिपीत ‘ण’ नाही, त्याचे काम ‘न’ भागवितो. ‘ळ’ नाही, त्याच्या जागी ‘ल’ येतो. ऱ्हस्व स्वर बहुधा लिहीतच नाहीत, आणि शब्दाच्या मध्ये ‘ए’ व ‘ई’ यांचे रूप एकच. म्हणजे मुन्शीने शुद्ध लिहिलेली टेंभुर्णी पुढच्या वाचकाने टेंभरनी वाचली काय, टींभुरनी वाचली काय, दोष कोणाचाच नाही. घाईत वरची खूण राहिली तर ‘ट’चा ‘त’ होतो, हे आणखी वेगळेच. आडनाव तर पुष्कळ ठिकाणी लिहीतच नसत. अमुक वल्द तमुक एवढ्यावर काम भागे.

गावचा कुलकर्णी लिही तो मोडीत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळीत नाहीत, शब्दाशब्दांत अंतरही ठेवीत नाहीत. आधी कागदभर रेघ ओढावी आणि तिच्याखाली अक्षरे लोंबत न्यावी, अशी ती पद्धत. पुढे बाळबोधीत नक्कल करणाऱ्याने आपल्या कानाप्रमाणे ‘भु’ किंवा ‘भू’ केला. छापील मराठीचे नियम १९६२ साली ठरले व १९७२ साली त्यांत भर पडली. तेव्हापासून ‘नांव’ आणि ‘गांव’ यांच्या डोक्यावरचे टिंबही गेले. एकाच माणसाचे नाव तीन कागदांवर तीन तऱ्हांचे असले, तर त्यात तोतयेगिरी शोधण्याचे कारण नाही.

टेंभुर्णीच्या बाबतीत आणखी एक मौज आहे. तालुक्याला लागून बुलढाणा जिल्ह्याची हद्द आहे, आणि तो वऱ्हाडाचा भाग. वऱ्हाड १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. जो भाऊ देऊळगाव राजास जाऊन राहिला त्याची नोंद इंग्रजी अमदानीच्या दप्तरात. जो टेंभुर्णीतच राहिला तो निजामाच्या उर्दूत. दोन भावांमध्ये एका दिवसाची वाट, पण कागदोपत्री ती दोन राज्यांची माणसे.

पूर्वी हा सगळा शोध निवृत्त मंडळींचा छंद होता. आता तसे राहिले नाही. २०२३ साली याच जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथून मराठा आरक्षणाच्या चळवळीने जोर घेतला, आणि मराठवाड्यातील कुणबी नोंदी तपासण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमण्यात आली. कोणाच्या तरी पणजोबाच्या नावापुढील एका शब्दावर नातवंडांचे शिक्षण व नोकरी अवलंबून राहिली, आणि उर्दू व मोडी वाचणाऱ्यांचा एकाएकी शोध सुरू झाला. ज्या लिप्या आपण दोन पिढ्यांपूर्वी निरुपयोगी म्हणून टाकल्या, त्यांच्याच दारी असे जावे लागले! नोंद सापडली तरी काम संपत नाही. त्या पणजोबाशी आपले नाते वंशावळीने जोडून दाखवावे लागते, आणि तेथे एखादे जादा अक्षर आडवे येते.

आमच्या मते अशा वेळी अक्षरांपेक्षा न बदलणाऱ्या गोष्टींकडे आधी पाहावे. कुलदैवत कोणते, देवक किंवा गोत्र कोणते, कोणत्या शिवारात कोणत्या नावाचे शेत होते, हे माणसे आडनावाइतके सहज सोडीत नाहीत. शेताचे नाव तर विकत घेणाराही बहुधा तेच ठेवतो. हे चारही जुळले, तर टेंभुर्णीकर आणि टेंभूरनीकर यांत वेलांटी-उकारांचा वाद घालीत बसण्यात अर्थ नाही. उलट आडनाव तंतोतंत एक आणि कुलदैवत निराळे, तर सावध व्हावे. बहुधा ती सोलापूरकडची मंडळी निघतील.

नाशिक-त्र्यंबकेश्वरचे तीर्थोपाध्ये हे फार आधी ओळखून होते. यात्रेकरूंच्या नामावळीच्या वह्या त्यांच्या घराण्यांत पिढ्यान् पिढ्या चालत आल्या आहेत, आणि आलेल्या कुटुंबाचा पुरुष आपल्या मुलाबाळांची व वाडवडिलांची नावे तीत नोंदवितो. आडनाव तेही विचारतात, नाही असे नाही. पण वही उघडण्यापूर्वी त्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘मूळ गाव कोणते?’