म्हातारपणाची काठी

लेकरू म्हणजे म्हातारपणाची काठी, असे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आले. पण ती काठीच उलटून अंगावर आली, तर म्हाताऱ्या माणसाने जावे कोठे? गावी असताना चार वडीलधारी माणसे कानउघाडणी करीत. अंधेरी-बोरिवलीच्या किंवा घाटकोपर-मुलुंडच्या बंद दाराच्या बिऱ्हाडांत ही चार माणसे उरली नाहीत. त्यांची जागा कायद्याने हळूहळू कशी घेतली, ती हकीकत ऐकण्याजोगी आहे.

१९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने वृद्ध आईबापांना सांभाळण्याचा भार मुलाइतकाच मुलीवरही ठेविला. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने निराधार मातापित्यांना मॅजिस्ट्रेटकडे दाद मागण्याची वाट दिली. परंतु तिच्यात शब्द होता ‘त्याचे’ आईबाप! मग ‘तिचे’ काय? मुलुंडच्या पुढे, कल्याणच्या कोर्टात हा वाद उभा राहिला. एका पित्याने डॉक्टर असलेल्या विवाहित मुलीकडे दरमहा ५०० रुपये मागितले होते. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९८७ साली निर्णय झाला, की लेक सासरी गेली तरी तिचे लेकपण सुटत नाही. बाप असहाय असेल आणि तिची स्वतःची मिळकत असेल, तर तिलाही हा भार टळत नाही. ‘लेक परक्याचे धन’ म्हणणाऱ्यांना ही चपराकच होती.

१९७० साली रंगभूमीवर आलेल्या ‘नटसम्राटा’ने सारे काही मुलांना देऊन टाकले आणि तो उघड्यावर पडला. त्याच्या हाती नव्हते, ते २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने दिले. सांभाळ करण्याच्या अटीवर घर बक्षीस दिले असेल आणि ती अट मोडली, तर ते बक्षीसपत्र रद्द करविता येते. म्हणून ही अट कागदावर स्पष्ट लिहून घ्यावी. दाद प्रांताधिकाऱ्याच्या दर्जाच्या न्यायाधिकरणाकडे मागावयाची. स्वतःला जमत नसेल, तर दुसऱ्याने किंवा एखाद्या संस्थेने अर्ज केला तरी चालतो. नुसता सल्ला हवा असेल, तर १४५६७ हा दूरध्वनी आहे.

पण हुकूमनामा पाण्याचा पेला हाती देत नाही. दंडावरचा काळानिळा वळ प्रथम दिसतो तो अंग पुसणाऱ्या मावशीला. ब्युरोतून आलेली ही बाई घरात सर्वांत कमी मानाची, म्हणून ती गप्प बसते. १९३६ साली नागपाड्यात टाटांच्या पैशातून समाजकार्याची शाळा निघाली. तीच पुढे देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था झाली. सेवा ही शिकून करावयाची विद्या आहे, हा त्या शाळेचा पाया. तीच विद्या आणि तोच मान या मावशीपर्यंत पोचला पाहिजे. शुश्रूषा हा चांगल्या पगाराचा, शिकून पत्करलेला पेशा झाला, तर तिला बोलण्याचे बळ येईल आणि कायद्याला डोळे मिळतील.

शिवाय ही मावशीही एक दिवस साठी गाठणारच. तेव्हा हा कायदा तिचाही आहे, एवढे तरी तिला यंदाच्या दिवाळीत फराळाच्या ताटाबरोबर कोणीतरी सांगावे.