पडद्यावरील प्रीति

चित्रपटांतील प्रेमप्रसंग पाहून आपण नट-नटींची वाखाणणी करीत घरीं परततों. परंतु त्या प्रीतीला शब्द कोणीं दिले आणि त्या शब्दांना पडद्यावर रूप कोणीं दिलें, याचा विचार आपण क्वचितच करतों. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीनें १९३९ सालीं काढलेला 'माणूस' या दृष्टीनें अभ्यासण्याजोगा आहे.

दिग्दर्शक व्ही. शांताराम; कथा अ. भास्करराव यांची, संवाद व गीतें अनंत काणेकर यांचीं. काणेकर हे कवि आणि लघुनिबंधकार; त्यांची भाषा घरगुती व खेळकर. गणपत हा साधा पोलीस शिपाई आणि मैना ही बदनाम वस्तींतील स्त्री. छाप्याच्या वेळीं तो तिला पकडीत नाहीं, तेथून त्यांच्या स्नेहाला आरंभ होतो.

त्या काळीं पडद्यावरील प्रणय बहुधा उद्यानांत आणि पुस्तकी भाषेंत चाले. या चित्रपटांत त्या थाटाचें विडंबनच आहे. हिंडावयास गेलेल्या या जोडप्याला एका चित्रपटाचें चित्रण चाललेलें दिसतें. तेथील कृत्रिम प्रेमालापाशेजारीं या दोघांचें साधें बोलणें अधिकच खरें वाटतें.

शांता हुबळीकरांनीं रंगविलेल्या मैनेच्या तोंडीं उद्याची काळजी झुगारणारें एक गाणें आहे. नाना प्रांतांच्या गिऱ्हाइकांसाठीं तें अनेक भाषांतून फिरतें. शब्द बेफिकिरीचे आहेत. पण तें कोठें आणि कोणापुढें गावें लागतें हें दिग्दर्शक दाखवितो, म्हणून त्यामागचें दुःख कळतें.

गणपतच्या देवभोळ्या आईपुढें मैनेला आपल्या पूर्वायुष्याचें ओझें असह्य होतें. पुढें छळणाऱ्या नातलगाचा तिच्या हातून खून होतो, आणि तिला तुरुंगांतून सोडविण्याची गणपतची तयारी ती नाकारते. १९३५ सालच्या 'देवदास'मधील प्रियकर मद्यांत बुडून मरतो. गणपत खचतो, परंतु अखेर जगण्याचीच वाट धरतो. म्हणून 'माणूस' हें 'देवदास'ला दिलेलें उत्तर समजलें जातें.

नुसत्या शब्दांनीं हा उपदेश झाला असता, नुसत्या चित्रांनीं करमणूक. दोघांच्या मेळानें मैना दयेचा विषय न राहतां स्वतःचा निर्णय घेणारी माणूस झाली. तेव्हां पुढील खेपेस प्रेमपट पाहतांना आरंभींच्या नामावळींतील लेखकाचें नांवही अवश्य वाचावें. पडद्यावरील त्या प्रीतीचा अर्धा वांटा त्याचा असतो.