रिप्लाय-टू

रिप्लाय-टू हा ईमेलच्या हेडरमधील एक ऐच्छिक रकाना आहे. आपल्या संदेशाचे उत्तर कोणत्या पत्त्यावर यावे, हे संदेश लिहिणारी व्यक्ती या रकान्यातून सुचवते. हा रकाना नसल्यास उत्तर ‘फ्रॉम’ रकान्यातील पत्त्यावर जाते. मेलिंग लिस्टवर खासगी उत्तर चुकून सर्व सभासदांपर्यंत पोहोचणे, किंवा सर्वांसाठी लिहिलेले उत्तर एकाच व्यक्तीकडे जाणे, या तक्रारींचे मूळ बहुधा याच रकान्यात असते.

मानके

ऑगस्ट १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ८२२ या दस्तऐवजात रिप्लाय-टूचे वर्णन आहे. गटचर्चेसाठी या रकान्यात वितरण सेवेचा पत्ता घालता येईल, असा उल्लेखही त्यात होता. २००१ मधील आरएफसी २८२२ आणि २००८ मधील आरएफसी ५३२२ यांत मात्र हा रकाना संदेशाच्या लेखकाची सूचना म्हणून मांडला आहे.

रिप्लाय-टू आणि ‘रिटर्न-पाथ’ यांत फरक आहे. संदेश पोहोचला नाही तर त्याची सूचना रिटर्न-पाथवर जाते. आरएफसी ३८३४ (२००४) नुसार रजेवर असल्याचे कळवणारी स्वयंचलित उत्तरेही तेथेच जायला हवीत. ती रिप्लाय-टूवर गेल्यास आणि तेथे लिस्टचा पत्ता असल्यास, एकाच्या रजेची सूचना सर्व सभासदांना मिळते आणि क्वचित संदेशांचे न थांबणारे चक्र सुरू होते.

मेलिंग लिस्टवरील मतभेद

काही लिस्ट प्रत्येक संदेशाच्या रिप्लाय-टूमध्ये स्वतःचा पत्ता घालतात. यामुळे चर्चा लिस्टवरच राहते व नवख्या सभासदांना सोपे जाते, असे समर्थकांचे म्हणणे आहे. लेखकाने स्वतः दिलेला पत्ता यामुळे पुसला जाऊ शकतो, आणि खासगी मजकूर जाहीर होण्याचा धोका वाढतो, असा विरोधकांचा आक्षेप आहे. दोन्ही चुकांचे परिणाम सारखे नसतात. लिस्टवर जाण्याऐवजी एकाच व्यक्तीकडे गेलेले उत्तर पुन्हा पाठवता येते. सर्वांना गेलेले खासगी पत्र परत घेता येत नाही.

ग्नू मेलमन या प्रणालीच्या २.१ आवृत्तीत उत्तरासाठी तीन पर्याय आहेत: मूळ प्रेषक, लिस्ट किंवा ठरावीक पत्ता. यांपैकी मूळ प्रेषक हा पर्याय बहुतेक लिस्टसाठी शिफारस केलेला आहे. मूळ रिप्लाय-टू काढून टाकायचा की ठेवायचा, यासाठी स्वतंत्र सेटिंग असते.

आरएफसी २३६९ (१९९८) या मानकाने ‘लिस्ट-पोस्ट’ हा वेगळा रकाना दिला. त्याच्या आधारे थंडरबर्डसारखे काही ईमेल प्रोग्रॅम ‘लिस्टला उत्तर’ असे स्वतंत्र बटण दाखवतात. त्यामुळे रिप्लाय-टूला हात न लावता दोन्ही सोयी मिळतात.

डीमार्कचा परिणाम

एप्रिल २०१४ मध्ये याहूने डीमार्क या पडताळणी पद्धतीचे कडक धोरण लागू केले. त्यानंतर याहूच्या पत्त्यावरून लिस्टमार्गे आलेले अनेक संदेश इतर सेवांकडून नाकारले जाऊ लागले. उपाय म्हणून अनेक लिस्ट ‘फ्रॉम’मध्ये स्वतःचा पत्ता घालतात. मूळ लेखकाचा पत्ता अशा वेळी बहुधा रिप्लाय-टूमध्ये ठेवला जातो. तो तेथेही नसल्यास खासगी उत्तर देणे अवघड होते.

तक्रारींचे निदान

प्रथम संदेशाचा मूळ स्रोत उघडून फ्रॉम, रिप्लाय-टू आणि लिस्ट-पोस्ट हे तीन रकाने पाहावेत.

• सर्वच संदेशांची उत्तरे अनपेक्षित ठिकाणी जात असल्यास कारण लिस्टच्या सेटिंगमध्ये असते. बदल व्यवस्थापकच करू शकतो.

• एकाच सभासदाच्या संदेशांबाबत असे घडत असल्यास त्याच्या ईमेल प्रोग्रॅममध्ये रिप्लाय-टू पत्ता भरलेला आहे का, हे तपासावे.

• एका उत्तराच्या दोन प्रती येत असल्यास उत्तर देणाऱ्याने ‘सर्वांना उत्तर’ वापरलेले असते: एक प्रत थेट येते, दुसरी लिस्टमार्गे. थेट प्रतीत लिस्ट-पोस्ट नसल्यामुळे तिच्यावर ‘लिस्टला उत्तर’ हे बटण दिसत नाही.

• सेटिंग बदलल्यानंतर नवा संदेश पाठवून चाचणी घ्यावी. आधी पोहोचलेल्या संदेशांतील हेडर बदलत नाही.

सुरक्षितता

फसवणूक करणारे ‘फ्रॉम’मध्ये परिचित व्यक्तीचा पत्ता दाखवून रिप्लाय-टूमध्ये स्वतःचा पत्ता घालतात. दोन पत्ते वेगळे असणे हा स्वतःहून फसवणुकीचा पुरावा नव्हे, कारण लिस्ट आणि ग्राहकसेवा केंद्रेही तसे करतात. तथापि पैसे, पासवर्ड किंवा खासगी मजकूर पाठवण्यापूर्वी उत्तराच्या ‘टू’ रकान्यातील पत्ता वाचून पाहणे आवश्यक ठरते.