उतरोलीची अटक आणि कलम 22

भोरला लागून उतरोली आहे. तिथं 15 डिसेंबर 1831 ला उमाजी नाईक पकडला गेला आणि 3 फेब्रुवारी 1832 ला पुण्यात फासावर चढला. पिढ्यान्‌पिढ्या गावं अन् गड राखणारे रामोशी. इंग्रजांच्या दप्तरात त्यांची जातच दरोडेखोर झाली.

पुढं 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आला, 1911 ला तो साऱ्या देशाला लागू करता येईल असा झाला. सरकारनं एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की कुठल्या कोर्टानं त्यावर ब्र काढायचा नाही. पुरावा कशाला? आईच्या पोटातनं आलात, तोच पुरावा. आपले महार तरी कुठं वेगळे होते? चोराचा माग काढायचा, गावात नवा कोण आला ते पाटलाला सांगायचं. माग लागला नाही तर नजर परत महारवाड्याकडंच.

भोर, वेल्ह्याकडचा बराच मुलूख पंतसचिवांच्या संस्थानात होता. 8 मार्च 1948 ला संस्थान विलीन झालं. दिल्लीत तेव्हा घटनेचं काम चालू होतं. जीवित-स्वातंत्र्याच्या कलमातनं अमेरिकेसारखा ‘ड्यू प्रोसेस’ गेला, ‘कायद्यानं ठरवलेली रीत’ एवढंच उरलं. रीत ठरवणार विधिमंडळ! त्यानं ठरवलं तर काहीही. बाबासाहेब स्वतःच त्यावर नाराज होते. म्हणून 15 सप्टेंबर 1949 ला त्यांनी नवं कलम मांडलं, तेच आजचं 22. धरलं तर कारण सांगा. वकील भेटू द्या. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करा. यातलं बरंचसं फौजदारी कायद्यात आधीच होतं, हे त्यांनीच सांगितलं. पण साधा कायदा कुठलंही सरकार बदलू शकतं, घटनेतलं असं सहजी पुसता येत नाही. मुद्दा हा होता.

चोवीस तासांत प्रवासाचा वेळ मात्र धरत नाहीत. तोरण्याच्या मागच्या वाडीतनं उचललेल्या पोराचा प्रवास किती तासांचा, हे त्याच्या आईला कोण सांगणार? तिला घड्याळ नाही, कलम ठाऊक नाही. चौकीच्या पायरीवर बसून राहते. आणि त्याच कलमात खाली विनाचौकशी स्थानबद्धतेची सोयही आहे. तिला पहिली दोन पोटकलमं लागू नाहीत. घटनासमितीतच त्यावर कडाडून टीका झाली होती.

घटना 26 जानेवारी 1950 ला लागू झाली. जन्मानं गुन्हेगार ठरवणारा तो देशाचा कायदा 31 ऑगस्ट 1952 ला गेला. म्हणजे अडीच वर्षं दोन्ही एका छपराखाली नांदले. मग मुंबई राज्यात 1959 ला सराईत गुन्हेगारांचा कायदा आला. जमातीचं नाव गेलं, ‘सराईत’ आलं. चोरी कुठंही होवो, जीप अजून आधी पालावरच जाते.