गोष्टीतले नाणे आणि बाजारातले नाणे

आपल्याकडची शाळकरी मुले हल्ली जपानी चित्रकथा आवडीने वाचतात, पडद्यावरही पाहतात. या चित्रकथांना तिकडे ‘मांगा’ म्हणतात. त्यांतल्या शूर वीरांनाही भूक लागतेच. खाणावळीत जेवले की पैसे मोजावे लागतात. पण तो पैसा जपानचा येन नसतो. एका गोष्टीत तो ‘झेनी’ असतो, दुसरीत ‘ऱ्यो’, तिसरीत ‘बेरी’. उद्या वर्गातला एखादा मुलगा विचारील, “गुरुजी, असले पैसे खरंच होते का हो?” तेव्हा ‘छे, सगळं काल्पनिक’ म्हणून त्याला गप्प बसवू नका. त्या प्रश्नामागे तेराशे वर्षांचा इतिहास उभा आहे.

आधी झेनी घेऊ. अकिरा तोरियामा यांची ‘ड्रॅगन बॉल’ ही चित्रकथा १९८४ साली सुरू झाली. तिच्यातला पैसा म्हणजे झेनी. हा शब्द चित्रकाराने हवेतून काढलेला नाही. झेनी म्हणजे नाणे, सुटा पैसा. जुना, रोजच्या बोलण्यातला जपानी शब्द. इ. स. ७०८ मध्ये जपानने चिनी नाण्यांच्या धर्तीवर तांब्याची नाणी पाडली. गोल नाणे, मधोमध चौकोनी भोक. दोरीत ओवायचे आणि माळ घेऊन बाजाराला जायचे! पुढे दहाव्या शतकात टाकसाळी थंडावल्या आणि कित्येक शतके चीनमधून आलेल्या नाण्यांवरच व्यवहार चालला. १६३६ साली तिथल्या सरकारने पुन्हा स्वतःची तांब्याची नाणी पाडायला घेतली.

१८७१ साली येन आला. एका येनचे शंभर सेन. हा ‘सेन’ ज्या अक्षराने लिहीत, तेच अक्षर ‘झेनी’ असेही वाचतात. त्या वेळी एक येन म्हणजे दीड ग्रॅम सोने. अमेरिकेच्या एका डॉलरला जवळजवळ एक येन पडे. मग महायुद्ध झाले, महागाई भडकली. १९४९ साली एका डॉलरला ३६० येन असा भाव ठरला. ज्याने जन्मभर पै पै करून गाठीला बांधले, त्याची पुंजी अशी विरघळून गेली. सेनला तर कोणी विचारीना. १९५३ अखेर तो चलनातून काढून टाकला. नाणे मेले, शब्द मात्र लहान मुलांच्या गोष्टीत जगला. यात नवल नाही. आपल्याकडे १९५७ साली दशमान नाणी आली, तरी आपण ‘सोळा आणे खरं’ असे म्हणतोच की!

आता ऱ्यो पाहा. मासाशी किशिमोतो यांच्या ‘नारुतो’ या १९९९ साली सुरू झालेल्या चित्रकथेत हे चलन आहे. खरा ऱ्यो सोन्याचा होता. तोकुगावा इएयासूने १६०१ साली पाडलेले ‘कोबान’ हे लांबट, चपटे नाणे म्हणजे एक ऱ्यो. वजन सुमारे दीड तोळा. एका ऱ्योचे चार बू, आणि सोळा शू. सरकारी भावाने एका ऱ्योला तांब्याची चार हजार नाणी मिळत. ढोबळ मानाने एका माणसाला वर्षभर पुरेल इतका तांदूळ एका ऱ्योत येई.

गोष्टीत मात्र एका निंजाला पकडून देण्यासाठी साडेतीन कोटी ऱ्योंचे इनाम लावलेले आहे. जरा हिशेब करा. खऱ्या ऱ्योंनी एवढे इनाम दिले असते, तर त्या काळच्या साऱ्या जपानला वर्षभर जेवू घालता आले असते. लोकसंख्या तेव्हा तीन कोटींच्या आसपास होती. म्हणजे नाव सोन्याच्या नाण्याचे, आणि किंमत आजच्या कागदी नोटांच्या हिशेबाची!

पण सोन्याचे नाणे म्हणजे बंदा रुपया, असे तरी कुठे होते? १६९५ साली खजिना रिता झाला, तेव्हा ओगिवारा शिगेहिदे या अधिकाऱ्याच्या सल्ल्याने सरकारने कोबान वितळवून नवे पाडले. पूर्वी त्यात शेकडा ८५च्या घरात सोने असे. ते ५७वर आणले. वजन तेवढेच राहिले. दोन नाण्यांच्या सोन्यात तीन नाणी झाली! लोक काय खुळे होते? नाणे हिणकस झाल्याचे बाजाराने ओळखले आणि भाव चढले. अखेर १७१४ साली, आराई हाकुसेकी या पंडिताच्या आग्रहावरून, पुन्हा चोख नाणे पाडावे लागले.

आता राहिली बेरी. एइइचिरो ओदा यांच्या १९९७ साली सुरू झालेल्या ‘वन पीस’ या चाच्यांच्या कथेतले हे चलन. नायकाच्या डोक्यावरचे पहिलेच इनाम तीन कोटी बेरी! आपले डोळे पांढरे होतात. पण लहानसहान खरेदीसाठीही शेकड्यांनी येन मोजणाऱ्या जपानी वाचकाला हा आकडा ओळखीचा वाटतो. याच कथेत ढगांवर वसलेला एक देश आहे. तिथले चलन ‘एक्सटॉल’. दहा हजार एक्सटॉल म्हणजे एक बेरी. तिथे कोणी दहा लाख मागितले, तर घाबरायचे कारण नाही. शंभरच बेरी द्यायच्या आहेत. मोठा आकडा म्हणजे मोठी श्रीमंती नव्हे, हे मुलाला हसता हसता कळते.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, एकदा वर्गालाच एक चलन काढू द्या. नाव मुलांनीच ठेवावे. मग फक्त एवढेच विचारा: “यात शेरभर तांदूळ येतो का? आणि उद्याही तेवढाच येईल, याची हमी कोण देतो?” पहिल्या प्रश्नाचे उत्तर मुले चटकन देतील. दुसऱ्यापाशी ती थांबतील. तिथून धडा सुरू करा.